जर, तर आणि जोपर्यंत

'पाऊस वेळेवर पडला, तर पेरणी होईल.' मराठी व्याकरणात अशा वाक्याला संकेतार्थी वाक्य म्हणतात. त्यात एक अट असते आणि त्या अटीवर अवलंबून असणारे फळ असते. 'जर-तर' या संकेतबोधक अव्ययांनी ही दोन वाक्ये जोडली जातात. बोलताना 'जर' बहुधा गाळला जातो. 'तर' मात्र टिकून राहतो. अट पुरी न झाल्यास काय होईल, हे बोलणारा पुष्कळदा सांगतही नाही. पाऊस लांबला तर पेरणी लांबणार, कदाचित पीकच बदलावे लागणार, हे ऐकणारा शेतकरी न सांगता जाणतो. माणसांचे संभाषण अशा न सांगितलेल्या गोष्टींवर चालते.

संगणकाला न सांगितलेले काहीच कळत नाही. संगणकाने करावयाच्या कामाच्या क्रमवार सूचनांना आज्ञावली म्हणतात. संगणक पहिली सूचना पाळतो, मग दुसरी, मग तिसरी, आणि शेवटची सूचना संपली की थांबतो. एवढेच त्याला करता आले असते, तर प्रत्येक आज्ञावली दर वेळी एकाच सरळ वाटेने गेली असती. वाटेत फाटा फोडण्याचे काम अट करते आणि चाललेली वाट पुन्हा चालण्याचे काम आवर्तन करते. आवर्तनालाच संगणकाच्या व्यवहारात 'लूप' म्हणतात. कोराडो बोहम आणि ज्युसेप्पे याकोपिनी या दोन इटालियन अभ्यासकांनी १९६६ मध्ये दाखवून दिले, की क्रम, निवड आणि आवर्तन या तीन रचना हाताशी असल्या, तर संगणकाकडून करवून घेता येण्याजोगी कोणतीही गणना त्यांतून मांडता येते.

बेसिक, सी, पायथन इत्यादी भाषांत या रचनांसाठी 'इफ', 'एल्स', 'व्हाइल', 'फॉर' असे शब्द आहेत. प्रस्तुत पाठात त्यांच्या जागी 'जर', 'अन्यथा', 'जोपर्यंत' हे मराठी शब्द वापरले आहेत. विचार एकदा नीट मांडता आला, की कोणत्याही संगणकभाषेत तो उतरविणे फारसे कठीण जात नाही. चुका बहुतेक वेळा भाषेत नसतात, त्या विचारात असतात.

अट : होय किंवा नाही

संगणकाला दिलेल्या अटीचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' एवढेच असू शकते. 'बहुधा', 'थोडेफार', 'बघू' अशा उत्तरांना तेथे जागा नाही. म्हणून अट लिहिताना शब्द तोलून घ्यावे लागतात.

मतदानाच्या वयाचे उदाहरण घेता येईल. भारतात पूर्वी मतदानासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागत. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने ही मर्यादा १८ वर्षांवर आणली आणि ती दुरुस्ती २८ मार्च १९८९ पासून अमलात आली. बोलण्यात लोक 'अठरा वर्षांवरील नागरिक' असे सहज म्हणतात. हे शब्द तसेच आज्ञावलीत उतरले, तर अट अशी होईल :

जर वय १८ पेक्षा अधिक असेल, तर नाव नोंदवा.
अन्यथा नाव नोंदवू नका.

वयाच्या जागी १९ घातले, तर नाव नोंदवले जाईल. १७ घातले, तर नोंदवले जाणार नाही. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. परंतु ज्याला नेमकी १८ वर्षे पूर्ण झाली आहेत, त्याचे काय? १८ ही संख्या १८ पेक्षा अधिक नाही. संगणक 'नाही' असे उत्तर देईल आणि हक्काचा मतदार यादीबाहेर राहील. संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदाला अभिप्रेत असलेली अट 'वय १८ पेक्षा कमी नसावे' अशी आहे. म्हणजे आज्ञावलीत 'वय १८ किंवा त्याहून अधिक असेल' असे लिहिले पाहिजे. अट तपासताना सीमेच्या अलीकडची, नेमकी सीमेवरची आणि पलीकडची अशी तीन मूल्ये घालून पाहण्याची रीत अनुभवी लोक पाळतात, ती याच कारणासाठी. चूक सापडते ती बहुधा सीमेवर.

दोन अटी जोडताना 'आणि' व 'किंवा' हे शब्द लागतात. हे दोन्ही शब्द बोलण्यात फार सैलपणे वापरले जातात. 'महिला आणि ज्येष्ठ नागरिक यांना सवलत' अशी पाटी वाचून कोणाचाही गोंधळ होत नाही. तरुण महिलेलाही सवलत आहे आणि वृद्ध पुरुषालाही आहे, हे सर्वांना समजते. तीच पाटी शब्दशः आज्ञावलीत लिहिली, तर सवलत केवळ वृद्ध महिलांनाच मिळेल. कारण संगणकाच्या लेखी 'आणि' म्हणजे दोन्ही अटी एकाच व्यक्तीच्या बाबतीत खऱ्या असणे. तेथे 'किंवा' हवा. 'किंवा'चीही गंमत आहे. 'चहा घेणार किंवा सरबत?' या प्रश्नात दोहोंपैकी एकच अपेक्षित असते. संगणकाचा 'किंवा' तसा नाही. दोहोंपैकी एक खरे असले तरी त्याचे उत्तर 'होय', आणि दोन्ही खरी असली तरीही 'होय'च.

अटींचा क्रम

काही निर्णयांना एक अट पुरत नाही. लीप वर्ष ओळखणे हे त्याचे उत्तम उदाहरण आहे, कारण त्यात नियमाला अपवाद आहे आणि अपवादालाही अपवाद आहे.

पृथ्वीचे ऋतुवर्ष सुमारे ३६५.२४२२ दिवसांचे असते. ज्युलियस सीझर याने इसवी सनपूर्व ४५ पासून रूढ केलेल्या पंचांगात दर चौथे वर्ष ३६६ दिवसांचे असे. म्हणजे सरासरी वर्ष ३६५.२५ दिवसांचे झाले. वर्षाकाठी सुमारे अकरा मिनिटांचा हा फरक साचत साचत सोळाव्या शतकापर्यंत दहा दिवसांवर गेला. १५८२ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी दिनदर्शिका सुधारली. त्या वर्षी ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस १५ ऑक्टोबर मानण्यात आला आणि पुढील काळासाठी नवा नियम ठरला. ज्या वर्षाला ४ ने निःशेष भाग जातो, ते लीप वर्ष. मात्र त्याला १०० ने भाग जात असेल, तर ते साधे वर्ष. तथापि ४०० ने भाग जात असेल, तर ते पुन्हा लीप वर्षच.

हा नियम आज्ञावलीत असा लिहिता येईल :

जर वर्षाला ४०० ने निःशेष भाग जात असेल, तर : लीप वर्ष
अन्यथा, जर १०० ने निःशेष भाग जात असेल, तर : साधे वर्ष
अन्यथा, जर ४ ने निःशेष भाग जात असेल, तर : लीप वर्ष
अन्यथा : साधे वर्ष

येथे नियम सांगण्याचा क्रम उलटा झाला आहे, हे ध्यानात घ्यावे. माणूस आधी सामान्य नियम सांगतो आणि मग अपवाद. संगणक मात्र वरून खाली जाताना जी अट पहिल्यांदा खरी ठरेल, तिचे फळ घेतो आणि खालच्या 'अन्यथा'कडे ढुंकूनही पाहत नाही. '४ ने भाग जातो का?' हा प्रश्न सर्वांत वर ठेवला, तर १९०० हे वर्ष तेथेच अडकेल आणि लीप ठरेल. वास्तविक १९०० हे साधे वर्ष होते. २००० हे लीप वर्ष होते. २१०० हे साधे वर्ष असेल. १९८३ मध्ये बाजारात आलेल्या 'लोटस १-२-३' या हिशेबाच्या आज्ञावलीने १९०० ला लीप वर्ष मानले होते. पुढे 'एक्सेल' तयार करणाऱ्यांनी लोटसच्या फायली जशाच्या तशा वाचता याव्यात म्हणून ती चूक जाणूनबुजून कायम ठेवली. त्यामुळे कधीही न उगवलेला २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस एक्सेलच्या तक्त्यात आजही सापडतो.

भारताच्या राष्ट्रीय दिनदर्शिकेतही हाच नियम आहे, फक्त एका बेरजेने. २२ मार्च १९५७ पासून अमलात आलेल्या या दिनदर्शिकेत शक वर्षात ७८ मिळवायचे आणि येणाऱ्या संख्येला वरच्याच अटी लावायच्या. शके १९४६ अधिक ७८ म्हणजे २०२४. हे लीप वर्ष असल्याने त्या शकातील चैत्र महिना ३० ऐवजी ३१ दिवसांचा होता आणि १ चैत्र २२ मार्चऐवजी २१ मार्चला आला.

आवर्तन : जोपर्यंत, तोपर्यंत

'जोपर्यंत भात शिजत नाही, तोपर्यंत आच बंद करू नका.' या वाक्यात एकच काम चालू ठेवण्याची आज्ञा आहे आणि ते केव्हा थांबवावे याची खूणही आहे. मराठीचे वैशिष्ट्य असे, की अशा वाक्यातील अटीत बहुधा 'नाही' येतो : शिजत नाही, येत नाही, संपत नाही. काम चालू असताना जी स्थिती असते, तीच मराठी माणूस अटीत सांगतो. संगणकाच्या 'जोपर्यंत' या रचनेचाही नेमका हाच स्वभाव आहे. अट खरी असेपर्यंत काम चालते. ती खोटी झाली, की थांबते. त्यामुळे मराठीत विचार करणाऱ्याला ही रचना परकी वाटण्याचे कारण नाही.

आवर्तनाची कल्पना आजच्या संगणकाहून जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्ड याने मागावर छिद्रे पाडलेल्या पत्र्यांच्या माळेनुसार नक्षी विणण्याची व्यवस्था केली. चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी तीच पत्र्यांची कल्पना उचलली आणि तिच्यात एक मोलाची भर घातली. गरज पडेल तेव्हा माळ मागे फिरवून तेच पत्रे पुन्हा वापरता येतील, अशी त्याने योजना केली. ॲडा लव्हलेस हिने १८४३ मध्ये या यंत्राविषयी जी विस्तृत टिपणे प्रसिद्ध केली, त्यांत बर्नुली संख्या काढण्याची रीत मांडताना सूचनांचा एक गट पुन्हा पुन्हा चालविण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. ते यंत्र प्रत्यक्षात कधी पुरे झाले नाही. रीत मात्र कागदावर तयार होती.

आता एक व्यवहारातले उदाहरण पाहावे. एका व्यक्तीने १०,००० रुपये कर्ज घेतले. व्याज दरमहा शेकडा २ आहे आणि हप्ता दरमहा १,००० रुपये. कर्ज किती महिन्यांत फिटेल?

बाकी = १०,०००
हप्ता = १,०००
महिना = ०
जोपर्यंत बाकी शून्याहून अधिक आहे, तोपर्यंत :
    बाकी = बाकी + (बाकीचे शेकडा २)
    जर बाकी हप्त्याहून कमी असेल, तर : हप्ता = बाकी
    बाकी = बाकी − हप्ता
    महिना = महिना + १
महिना किती ते सांगा.

'महिना = महिना + १' ही ओळ बीजगणित शिकलेल्याला खटकेल. कोणतीही संख्या स्वतःहून एकाने मोठी कशी असेल? आज्ञावलीत मात्र हे चिन्ह समानता सांगत नाही. उजवीकडचा हिशेब करून आलेले उत्तर डावीकडच्या नावाच्या खणात ठेवावे, अशी ती आज्ञा आहे. खणात आधी काय होते, ते पुसले जाते.

हा हिशेब कागदावर करून पाहणे उपयुक्त ठरते. पहिल्या महिन्यात २०० रुपये व्याज मिळून बाकी १०,२०० होते आणि हप्ता वजा जाता ९,२०० उरते. दुसऱ्या महिन्याअखेर ८,३८४ आणि तिसऱ्या महिन्याअखेर ७,५५१ रुपये ६८ पैसे उरतात. असे होत होत अकराव्या महिन्याअखेर सुमारे २६५ रुपये बाकी राहते. बाराव्या महिन्यात व्याजासह ती सुमारे २७० रुपये होते. आवर्तनाच्या आत बसविलेली 'जर' ही ओळ येथे कामी येते. ती नसती, तर संगणकाने शेवटच्या महिन्यातही पूर्ण १,००० रुपये कापले असते आणि कर्जदाराचे सुमारे ७३० रुपये नाहक गेले असते. अकरा महिने ही ओळ अगदी निरुपयोगी वाटते, आणि नवशिके नेमकी तीच विसरतात.

आता हप्ता १,००० ऐवजी २०० रुपये ठरला आहे, अशी कल्पना करावी. पहिल्या महिन्यात व्याज २०० रुपये, हप्ता २०० रुपये, बाकी १०,०००. दुसऱ्या महिन्यात पुन्हा तेच. बाकी शून्याहून अधिक आहे का, या प्रश्नाचे उत्तर दर वेळी 'होय' येते आणि संगणक अथकपणे पुढचा महिना मोजत राहतो. यालाच अनंत आवर्तन म्हणतात. आज्ञावलीत भाषेची एकही चूक नाही. संगणक केवळ खरे तेच सांगतो आहे : हे कर्ज कधीही फिटणार नाही. पाच वर्षांत कर्जदार १२,००० रुपये भरील, म्हणजे घेतलेल्या रकमेहूनही अधिक, आणि बाकी होती तेवढीच राहील. हप्ता १५० रुपये असेल, तर पहिल्याच महिन्याअखेर बाकी १०,०५० होऊन पुढे वाढतच जाईल. सावकारी कर्ज घराला पिढ्यान्‌पिढ्या का सोडत नाही, याचे एक कारण या पाच ओळींच्या आवर्तनात दिसते.

म्हणून आवर्तन लिहिताना दोन प्रश्न विचारावे लागतात. ज्या गोष्टीवर अट आहे, ती गोष्ट प्रत्येक फेरीत बदलते का? आणि बदलत असेल, तर ती शेवटाच्या दिशेनेच सरकते का?

३१ डिसेंबर २००८

हे दोन प्रश्न न विचारल्यामुळे काय घडते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने नोव्हेंबर २००६ मध्ये 'झून' नावाचे गाणी ऐकण्याचे छोटे यंत्र विक्रीस आणले होते. त्यातील तीस गिगाबाइट क्षमतेच्या प्रकाराची यंत्रे ३१ डिसेंबर २००८ रोजी ठिकठिकाणी एकाएकी बंद पडली. कोणतेही बटण दाबले तरी ती हलेनात.

दोष यंत्रातील घड्याळाच्या आज्ञावलीत होता. ते घड्याळ १ जानेवारी १९८० पासून किती दिवस झाले, एवढेच मोजत असे. त्यावरून चालू वर्ष काढण्यासाठी पुढीलप्रमाणे आवर्तन लिहिलेले होते :

वर्ष = १९८०
जोपर्यंत दिवस ३६५ हून अधिक आहेत, तोपर्यंत :
    जर वर्ष लीप असेल, तर :
        जर दिवस ३६६ हून अधिक असतील, तर :
            दिवस = दिवस − ३६६
            वर्ष = वर्ष + १
    अन्यथा :
        दिवस = दिवस − ३६५
        वर्ष = वर्ष + १

प्रथमदर्शनी यात काही वावगे दिसत नाही. १९८० पासून एकेक वर्षाचे दिवस वजा करीत आज्ञावली पुढे जाते. परंतु २००८ हे लीप वर्ष होते आणि ३१ डिसेंबर हा त्याचा ३६६ वा दिवस. मागील सर्व वर्षांचे दिवस वजा गेल्यावर वर्षाच्या खणात २००८ आणि दिवसांच्या खणात ३६६ राहिले. ३६६ हे ३६५ हून अधिक आहेत का? होय, म्हणून आवर्तनात प्रवेश झाला. वर्ष लीप आहे का? होय. दिवस ३६६ हून अधिक आहेत का? नाही. मग काय करावे? आतल्या 'जर'ला 'अन्यथा' नव्हताच. काहीच न करता आज्ञावली पुन्हा वर आली आणि तेच तीन प्रश्न, तीच तीन उत्तरे, असे अखंड सुरू राहिले. दिवस बदलेनात, वर्ष बदलेना. यंत्र बिघडलेले नव्हते. उलट ते अतिशय वेगाने, सांगितलेले काम इमानाने करीत होते.

कंपनीने ग्राहकांना सुचविलेला उपायही बोलका होता. बॅटरी पूर्ण उतरू द्यावी आणि ग्रीनिच वेळेनुसार १ जानेवारीची दुपार उलटल्यावर यंत्र पुन्हा सुरू करावे. दुसऱ्या दिवशी खणात ३६७ आले, ते ३६६ हून अधिक ठरले, वजाबाकी होऊन १ दिवस आणि २००९ हे वर्ष मिळाले, आवर्तन संपले. हा दोष आधीच्या दोन वर्षांत कोणाला दिसला नाही, कारण विक्री सुरू झाल्यापासून आलेले ते पहिलेच लीप वर्ष होते. दोष दुरुस्त करण्यास फार काही लागणार नव्हते. आतल्या 'जर'च्या जोडीला 'अन्यथा : आवर्तन थांबवा' एवढी ओळ पुरली असती. मतदाराच्या उदाहरणात १८ ही सीमा होती, येथे ३६६ ही.

अशी अनंत आवर्तने आधीच हेरणारी एखादी आज्ञावली का लिहू नये, असा प्रश्न साहजिक आहे. ॲलन ट्युरिंग या गणितज्ञाच्या १९३६ मधील शोधनिबंधातून त्याचे उत्तर मिळते : कोणतीही आज्ञावली दिली असता ती थांबेल की नाही, हे बिनचूक सांगणारी एकच सर्वसामान्य रीत असू शकत नाही. विशिष्ट आज्ञावलीविषयी मात्र विचाराने पुष्कळ काही सांगता येते, आणि कागद-पेन्सिल घेऊन एकेक फेरी करून पाहणे हा त्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

स्वाध्याय

१. वरील कर्जाच्या आज्ञावलीत हप्ता ५,००० रुपये धरा. प्रत्येक महिन्याअखेरची बाकी लिहा. 'जर' ही ओळ कोणत्या महिन्यात कामी येते?

२. 'बारा वर्षांखालील मुले आणि साठ वर्षांवरील नागरिक यांना अर्धे तिकीट' हे वाक्य आज्ञावलीच्या रूपात लिहा. नेमके बारा व नेमके साठ वय असलेल्यांचे काय होईल, ते या वाक्यावरून ठरविता येते का?

३. दहा खांब एका ओळीत उभे आहेत आणि प्रत्येक दोन खांबांच्या मध्ये एक तार बांधायची आहे. तार बांधण्याची सूचना आवर्तनात किती वेळा चालली पाहिजे?

४. पुढील आज्ञावलीत संख्येच्या जागी ६ घेऊन प्रत्येक फेरीनंतरची संख्या लिहा. मग ७ घेऊन पाहा.

जोपर्यंत संख्या १ नाही, तोपर्यंत :
    जर संख्या सम असेल, तर : संख्या = संख्या ÷ २
    अन्यथा : संख्या = (संख्या × ३) + १

सहासाठी आठ फेऱ्या लागतात आणि सातासाठी सोळा. २७ ही संख्या घेतली, तर १११ फेऱ्या लागतात आणि मध्ये ती ९,२३२ पर्यंत चढते. कोणत्याही धन पूर्णांकापासून आरंभ केला तरी ही आज्ञावली थांबतेच का, हे आजवर कोणालाही सिद्ध करता आलेले नाही.